कोणाचीही हरकत आली नाही

प्रिय इंदूआत्या,

उद्या दुपारी बारा वाजता एक मुदत संपते आहे, म्हणून आज तुला लिहायला बसलो. तुला जाऊन तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहावीशी वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेराव्याला तुझ्या फोटोपुढे हात जोडले, पानातलं गोड संपवलं आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून ऑफिसला गेलो. आता गरज पडली तेव्हा आठवण झाली! ताकापुरती आजी, कामापुरता मामा आणि परिषदेपुरती आत्या.

कसली मुदत, म्हणशील. माझं काम तुला कधी पटलंच नाही. 'एवढं विमानानं जाऊन नुसतं बोलतात?' असं तू वहीत लिहून ती वही माझ्या नाकापुढे धरायचीस. हो, नुसतं बोलतो. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना कसं सांभाळावं, यावर सगळ्या देशांनी मिळून एक करार करायचा, म्हणून आम्ही दर वर्षी जिनिव्हाला जमतो. आपल्या देशाच्या शिष्टमंडळात समाजकल्याणातला जाणकार म्हणून मी असतो. जाणकार! हस हवं तर.

तिथं एक रीत आहे. मसुदा तयार झाला की तो सगळ्या देशांना पाठवतात आणि खाली एक तारीख, एक वेळ घालतात. तोपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर मसुदा सगळ्यांना मान्य. हात वर करायला नको, हो म्हणायला नको. गप्प बसलं की काम झालं. भांडणं न होता शंभरावर देश कसे एकमतानं वागतात याचं लोकांना कौतुक वाटतं ना, ते असे वागतात. जो तो दुसरा कोणी बोलतो का ते पाहत बसतो आणि घड्याळात बारा वाजतात. मला ही रीत इतकी आवडली, की मी ती घरी आणली.

तुला हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मीच सांगतो. आपल्या कुटुंबाचा फोनवर एक गट आहे. पुण्याचा दादा, बंगळूरची सुमन, मी, माझी वीणा आणि आमची ऋचा. त्यावर मी एका शुक्रवारी लिहिलं: 'इंदूआत्याची बराकपूरच्या वृद्धनिवासात सोय करण्याचा विचार आहे. खोली हवेशीर आहे, नदी जवळ आहे. रविवारी दुपारी बारापर्यंत कोणाची हरकत न आल्यास ठरलं असं समजू.'

शनिवार गेला. सगळ्यांनी वाचलं होतं, ते दिसत होतं. रविवारी बाराला मी लिहिलं, 'कोणाचीही हरकत आली नाही. धन्यवाद.' आणि अर्ध्या मिनिटात दादाचे जोडलेले हात आले, सुमनचं फूल आलं. म्हणजे दोघंही फोन हातात धरून बसले होते! बारा वाजायची वाट बघत होते.

तुझ्याकडे फोन नव्हता. तू त्या वेळी माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे बसून मटार सोलत होतीस. मी मान वर करून दोन शब्द बोललो असतो तर माझ्या ओठांवरून तुला कळलं असतं. मी मान वर केली नाही. एवढंच मी केलं, आत्या, मान वर केली नाही.

तू काही साधी नव्हतीस हं! मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तू जिवंतपणी कोणाला सोडलंस? वीणाच्या हातची भाजी बोटानं चाखून तू नाक मुरडायचीस. ती ओट्याशी पाठ करून उभी असली की तिचा खांदा धरून गर्रकन फिरवायचीस, कारण तोंड दिसलं नाही तर तुला बोलणं कळायचं नाही. ऋचाची हनुवटी तर तू किती वेळा धरलीस! ती मराठी बोलता बोलता बंगालीत शिरायची, तिथून इंग्रजीत, आणि तुला तिचे ओठ लागायचेच नाहीत. मग तू चिडून तिच्या गालावर चापटी मारायचीस. वीणानं बावीस वर्षं काढली तुझ्याबरोबर. तिची पाठ गेली, गुडघे गेले, आणि तिला एक दिवस न्हाणीघरात रडताना मी ऐकलं. हे सगळं खरं आहे. खोटं मी पुढे केलं.

आजीनं तुला ओठ वाचायला शिकवलं. चौथ्या वर्षी तापात तुझे कान गेले आणि वाईच्या त्या घरात तिनं रोज आरशासमोर बसवून तुला एकेक शब्द तोंडानं दाखवला. मराठी शब्द. दुसरी भाषा तुला कोण दाखवणार होतं? आजी गेल्यावर बाबांनी तुला कलकत्त्याला आणलं तेव्हा तू पन्नाशी ओलांडली होतीस. भवानीपूरच्या आपल्या गल्लीत अख्खं बंगाली जग तोंड हलवत होतं आणि तुला त्यातलं काही कळत नव्हतं. मासेवाला तुला 'मासिमा', म्हणजे मावशी, म्हणायचा, तू मला विचारायचीस, 'तो काय चावतो आहे?' आम्ही किती हसलो होतो!

म्हणजे या शहरात तुझं ऐकणारी आणि तुला कळणारी माणसं होती तीन. तीनच. आणि त्यातल्या एकानं तुला बराकपूरला नेऊन ठेवलं.

जाताना तू वहीत लिहिलंस, 'किती दिवस?' मी तोंड नीट तुझ्याकडे करून, सावकाश, तुला स्पष्ट दिसेल असं म्हणालो, 'जिनिव्हाहून येईपर्यंत.' बाकीच्यांशी खोटं बोलताना मी पुटपुटतो. तुझ्याशी मात्र चांगलं ठळक, एकेक अक्षर सुटं करून खोटं बोलावं लागलं. तू विश्वास ठेवलास. दोन लुगडी, वही, पेन्सिली, अमृतांजन आणि तुझी ती स्टीलची वाटी पिशवीत घातलीस.

वाटीबद्दल तरी काय सांगू? तुला एखादी गोष्ट नको असली की तू वाटी टेबलावर दोनदा आपटायचीस. भात नको, दोनदा. डॉक्टर नको, दोनदा. पाहुण्यांसमोरसुद्धा! ऋचा लहानपणी तुझी नक्कल करायची. आमच्या घरात 'नाही' हा शब्द बोलला कमी गेला आणि आपटला जास्त गेला.

निवासाच्या बाई चांगल्या होत्या. टापटीप साडी, टेबलावर रजनीगंधा. त्यांनी अर्ज पुढे केला. नाव, वय, औषधं, पथ्य, सगळं मी भरलं. मग एक रकाना होता, भाषा. मी म्हणालो, ऐकू येत नाही, पण मराठी बोललं तर ओठांवरून कळतं. बाईंचं पेन थांबलं. "स्यार, मराठी तो हमारे यहाँ किसी को नहीं आता। फिर तो मुश्किल होगा।" मुश्किल म्हणजे खोली मिळणार नाही, तू परत घरी, आणि माझं विमान उद्या. मी म्हणालो, "दीजिए इधर." आणि त्या रकान्यात लिहिलं, 'लागू नाही.'

माझ्या अक्षरात आहे ते. तू माझ्या अक्षराचं फार कौतुक करायचीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिव्हाच्या सभागृहात उभा राहिलो. आपल्या देशाची भूमिका तुला माहीत नाही, पण कलकत्त्यातला कुठलाही काका ती चहाच्या दुकानात सांगेल: आमच्याकडे कुटुंब आहे. म्हातारी माणसं आमच्याकडे कुटुंबातच असतात, तेव्हा सरकारवर बंधनं घालणारी कलमं आमच्या माथी मारू नका. श्रीमंत देश म्हणतात, छे, प्रत्येक म्हाताऱ्याचा हक्क लिहून काढा. आणि त्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला गरीब देशांतल्या पोरी विमानानं नेतात. त्यांना खर्च वाचवायचा, आम्हाला खर्च वाचवायचा. सगळे एकाच माळेचे मणी, फक्त त्यांचा सूट जरा बरा. हे मी तिथं कधी बोललो नाही. तिथं मी तुझ्याबद्दल बोललो.

'माझी आत्या बहिरी आहे,' मी म्हणालो. 'ती माझ्या घरी राहते. माझ्या टेबलावर, माझ्या समोर बसून जेवते. आमच्याकडे हे करारानं होत नाही, संस्कारानं होतं.' टाळ्या पडल्या, आत्या! अशा परिषदांत टाळ्या पडत नाहीत कोणाला. आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी माझा दंड दाबला.

मग कॉफीची सुट्टी झाली. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशाची एक वयस्क प्रतिनिधी माझ्याजवळ आली. तिनं विचारलं, तुमच्या आत्याला एखादी गोष्ट नको असेल तर ती कसं सांगते? मी सांगितलं. स्टीलची वाटी, दोनदा. हातातल्या कपबशीनं करूनही दाखवलं. भोवती चार-पाच जण जमले होते, सगळे हसले. किती गोड, असं कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. निवासाच्या बाई, त्यांच्या हिंदीत. तुला तिथं दिदिमा म्हणायचे, म्हणजे आजी. इकडे तुमची जेवणं नुकतीच झाली होती. "स्यार, दिदिमा जेवताना सारखी वाटी आपटतात. बाकीच्यांना त्रास होतो, कोणी जेवत नाही नीट. स्टील काढून प्लास्टिकची देऊ का? आपकी परमिशन चाहिए।"

लक्षात येतं आहे का तुला? मी आत्ताच, त्याच मिनिटाला, पाच देशांना त्या आवाजाचा अर्थ समजावून सांगितला होता. जगात तो अर्थ ज्याला सगळ्यांत चांगला ठाऊक होता तो माणूस फोनवर होता. आणि मी म्हणालो, "हाँ, ठीक है. दे दीजिए."

फोन ठेवून मी उरलेली कॉफी प्यायलो. थंड झाली होती.

त्यानंतरच्या बैठकीत एका छोट्या बेटाच्या देशाच्या प्रतिनिधी मुलीनं एक वाक्य मांडलं: कोणाही माणसाला त्याच्या घरातून हलवण्यापूर्वी त्याला समजेल अशा भाषेत किंवा खुणांत विचारलं जावं. साधं वाक्य. त्यावर दीड तास वाद. दुभाषे कुठून आणायचे, पैसे कोण देणार, आपले लोकही विरोधात. कोंडी झाली. मग मी हात वर केला आणि सुचवलं, वाक्याआधी 'शक्य असेल तेथे' घाला. लगेच सगळे तयार! बेटाची ती मुलगी तेवढी माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी प्रमुख म्हणाले, असा तोडगा काढायला मुरलेला माणूसच लागतो. मुरलेला होतोच मी, लोणच्यासारखा.

चार दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन. "दिदिमा एखोन खूब शांतो, स्यार." आता अगदी शांत आहेत. वीणाला कळवलं. वीणा म्हणाली, "रुळल्या म्हणायच्या." त्या दिवशी मला छान झोप लागली.

परत आल्यावर मी एकदाच आलो तुला भेटायला. दोनदा येता आलं असतं, दहादा येता आलं असतं. सियालदाहून गाडी दर थोड्या वेळानं सुटते, लांब काही नाही बराकपूर. तू खिडकीशी बसली होतीस. मी समोर खुर्ची ओढली, तोंड तुझ्याकडे केलं आणि म्हणालो, 'आत्या, कशी आहेस?' तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग डोळे मिटलेस.

मी थांबलो. तुझा हात हलवला. तू डोळे घट्ट मिटून बसलीस. आम्हाला कान मिटता येत नाहीत गं, कोणी शिव्या दिल्या तरी ऐकाव्या लागतात. तुला येत होतं. वीस मिनिटं मी बोलत राहिलो, माफीसुद्धा मागितली बहुतेक, आणि तू एक शब्द आत घेतला नाहीस. किती दुष्ट होतीस तू! एकदा तरी उघडायचे होते. मी संत्री ठेवली आणि निघालो. गाडीत मला तुझा राग आला, खरंच आला. घरी येऊन वीणाला म्हणालो, तिला भ्रम झालाय, ओळखत नाही. ते सगळ्यांना सोयीचं पडलं.

दीड महिन्यानं तू गेलीस. जेवण सोडलं होतंस, म्हणाले. डॉक्टरांनी कारण लिहिलं, वार्धक्य.

तुझं सामान घ्यायला ऋचा माझ्याबरोबर आली. न्यू टाउनच्या ऑफिसातून रजा काढून आली, तू चापट्या मारलेली तीच. तुझी आया, मिनोती नाव तिचं, पदरानं डोळे पुसत होती. तिनं तुझी वही ऋचाच्या हातात दिली आणि बंगालीत म्हणाली, "दिदिमा बड्या भाविक होत्या. रोज ठाकूरचं नाव लिहायच्या. लिहून मला दाखवायच्या, मी नमस्कार करायचे." प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिनं लाल पेन्सिलीनं एक जास्वंदाचं फूल काढलं होतं. देवाचं नाव म्हणून.

ऋचानं वही उघडली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. ती एकेक अक्षर जुळवत वाचत होती आणि मी तिच्या खांद्यावरून केव्हाच वाचलं होतं.

'वाटी द्या.'

पानामागून पान. आधी तुझं ते बारीक, सरळ अक्षर. मग मोठं. मग आणखी मोठं, एका पानावर दोनच शब्द. 'वाटी द्या.' आणि खाली जास्वंद.

ऋचा माझ्याकडे वळली. तिच्या त्या मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "बाबा, आत्याआजीला कोणी विचारला होता? जाणार का म्हणून?"

मी म्हणालो, "सगळ्यांना विचारलं होतं. तूही होतीस गटात." तिनं वही मिटून पिशवीत घातली. पोर आहे ती, आत्या. तिच्यावर ढकललं मी.

आता मुदतीचं सांगतो. तो मसुदा पूर्ण झाला. 'शक्य असेल तेथे' सकट. सगळ्या देशांना गेला आहे. उद्या बारापर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर तेच वाक्य कायम होईल, आणि मग जगात कुठल्याही म्हातारीला हलवताना तिला विचारणं शक्य नव्हतं असं कोणालाही लिहिता येईल. अर्जात रकाना असेलच. याच्याबरोबर आणखी एक पत्र आलं आहे: करार मान्य झाल्यावरच्या समारंभात मी पुन्हा दोन शब्द बोलावेत, आणि जमल्यास आत्यांचा घरातला एखादा हसरा फोटो आणावा.

मी दिल्लीला फोन केला. वरच्या साहेबांना म्हणालो, या वाक्याला आपण हरकत घेऊ या, ते तीन शब्द माझेच आहेत, मला काढायचे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "श्रीधरजी, आपकी आत्या का सुनकर दुख हुआ। पर ये पर्सनल बातें हैं। चुप रहना भी एक स्टैंड होता है।" मग विचारलं, फोटो मिळाला का.

मला माहीत आहे पुढे काय होईल. मी दिल्लीला न विचारता हरकत पाठवली, तर तासाभरात दिल्ली ती मागे घेईल. संध्याकाळपर्यंत माझं नाव शिष्टमंडळातून जाईल. वाक्य आहे तसंच राहील. आणि तुला त्याचा काय उपयोग? काही नाही. तू मेलीस. तू प्लास्टिकच्या वाटीसमोर मेलीस, आणि ते मी होऊ दिलं, आणि वर तुझ्यावर टाळ्या मिळवल्या.

तुझी स्टीलची वाटी त्यांनी सामानात परत दिली. वीणा तिच्यात विरजण लावते. वाईट वाटून घेऊ नकोस, तिला त्यातलं काही माहीत नाही. मीच सांगितलेलं नाही. आज सकाळी मी ती घासून घेतली आणि टेबलावर एकदा आपटून पाहिली. तेव्हा मला जी गोष्ट बावीस वर्षं सुचली नाही ती सुचली. तुला तर हा आवाज येतच नव्हता! तुला नुसता हाताला हादरा कळत असणार. आवाज तुझ्यासाठी नव्हता. तो आमच्यासाठी होता.

म्हणून वचन देतो, आणि तू ओठ बघून खात्री करून घ्यायचीस तसं एकेक अक्षर सुटं करून देतो. उद्या बाराच्या आत हरकत जाईल. तासभर का होईना, कागदावर राहील. त्यानंतर मला त्या सभागृहात कोणी उभं करणार नाही, तर मी गटावर लिहीन. दादा, सुमन, वीणा, ऋचा, सगळ्यांना: तो रकाना, तो फोन, ती वही. खाली मुदत घालणार नाही. आणि फोटो देणार नाही. तुझा हसरा फोटो घरात नाहीच, आत्या, मी शोधला.

ज्यानं मान वर केली नाही तो,
श्रीधर